पंचाहत्तर हजारांच्या फायरवॉलआधी दोन पोर्ट बंद करा

आपल्या प्रश्नाचा गोषवारा आधी मांडतो, म्हणजे माझ्या समजण्यात काही चूक असेल तर ती आपल्याला लगेच दिसेल. बडोद्यात रावपुऱ्यात आपली पंपांच्या सुट्या भागांची पेढी आहे आणि मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत गोदाम आहे. पेढीवर नऊ संगणक आहेत आणि त्यांपैकी एकावर टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा सर्व डेटा असतो. इंटरनेट फायबरचे, स्थिर आयपी पत्त्यासह, म्हणजे इंटरनेटवरचा आपला पत्ता बदलत नाही. बारा कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणारा एक डीव्हीआर आहे. वडील घरून मोबाईलवर कॅमेरे पाहतात आणि मोठे बंधू गोदामातून रिमोट डेस्कटॉपने, म्हणजे पेढीचा संगणक दुरून चालवण्याच्या विंडोजच्या सोयीने, टॅली उघडतात. शेजारच्या पेढीचा हिशेब एका रात्रीत कोणीतरी कूटबद्ध करून, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही असा करून, खंडणी मागितली, तेव्हापासून घरात काळजी आहे. विक्रेत्याने ७५,००० रुपयांच्या फायरवॉलचे (नेटवर्कमध्ये येणारी-जाणारी माहिती तपासून अडवणाऱ्या यंत्राचे) आणि दरवर्षीच्या परवाना नूतनीकरणाचे कोटेशन दिले आहे. तो घ्यावा का, आणि घेतला तर आपण सुरक्षित होऊ का, असे आपण विचारले आहे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'आत्ता नको' असे आहे. दुसऱ्याचे उत्तर 'नुसता घेऊन नाही' असे आहे. बडोद्यात लहान पेढ्यांची नेटवर्क बांधणे आणि बिघडलेली सावरणे हे काम मी बावीस वर्षे करतो आहे, आणि या काळात कोणी बाहेरून रूटर 'फोडून' आत आल्याचे मी अगदी क्वचित पाहिले. येणारा बहुधा आपण सोयीसाठी उघडून ठेवलेल्या दारानेच येतो. बहुतेक वेळा ते दार पेढीच्या मालकाने उघडलेलेही नसते. कॅमेरे बसवायला आलेला, झेरॉक्सचे यंत्र दुरुस्त करायला आलेला किंवा टॅलीची नवी आवृत्ती टाकायला आलेला माणूस आपले काम उरकण्यासाठी ते उघडतो आणि निघून जातो. जुन्या शहराला लहरीपुरा, पाणीगेट, चांपानेर आणि गेंडीगेट असे चार दरवाजे होते आणि ते किती, हे सगळ्यांना ठाऊक होते. आपल्या रूटरला किती दरवाजे आहेत, हे पेढीत कोणालाच ठाऊक नसते.

फायबरच्या जोडणीबरोबर मिळालेला साधा रूटरसुद्धा बाहेरून आपणहून आलेली जोडणी आत सोडत नाही. आतल्या संगणकाने मागितलेल्या गोष्टीचे उत्तर तेवढे तो आत येऊ देतो. म्हणजे किमान अडसर आपल्याकडे आधीपासून आहे. त्याला भोक पडते ते 'पोर्ट फॉरवर्डिंग' केल्यावर, म्हणजे बाहेरून अमुक पोर्टवर (क्रमांक दिलेल्या दारावर) जो कोणी येईल त्याला आतल्या अमुक यंत्राकडे पाठवावे असे रूटरला सांगितल्यावर. आपल्या वर्णनावरून अशी निदान दोन भोके दिसतात : एक डीव्हीआरसाठी आणि दुसरे रिमोट डेस्कटॉपसाठी. ७५,००० रुपयांचे यंत्र बसवून त्यातही हीच दोन भोके ठेवली, तर पैसे गेले आणि भोके राहिली असे होईल. विक्रेते तसे करतात, कारण बसवल्याच्या दुसऱ्याच दिवशी 'कॅमेरे दिसत नाहीत' असा फोन आलेला त्यांना नको असतो.

रिमोट डेस्कटॉपच्या भोकाविषयी सविस्तर लिहितो, कारण शेजारच्या पेढीत बहुधा तेच घडले असावे. काही वर्षांपूर्वी लाभपाचमेच्या सकाळी मला एका पेढीवरून बोलावणे आले. आपल्याकडे दिवाळीपासून लाभपाचमेपर्यंत दुकाने बंद असतात, पण टॅलीचा संगणक मात्र 'बाहेरगावाहून कोणाला पाहायचे झाले तर' म्हणून चालूच ठेवलेला असतो. या संगणकावर चोपडापूजनाचे, म्हणजे दिवाळीतल्या हिशेबवह्यांच्या पूजेचे, कुंकवाचे स्वस्तिक अजून ताजे होते. पडद्यावर प्रत्येक फाइलच्या नावाला एक अनोळखी शेपूट चिकटले होते आणि शेजारी पैसे कोठे पाठवायचे हे सांगणारी एक मजकुराची फाइल होती. बॅकअपची बाह्य हार्ड डिस्क संगणकालाच जोडलेली होती आणि तिच्यावरच्या फाइलींनाही तेच शेपूट होते.

मी विंडोजची सुरक्षाविषयक नोंदवही उघडली. तिचा मूळ आकार २० एमबी असतो आणि ती भरली की जुन्या नोंदी पुसत नव्या लिहिल्या जातात. तीत आदल्या दिवसाच्या दुपारपासूनच्याच नोंदी उरल्या होत्या आणि जवळजवळ प्रत्येक ओळ ४६२५ क्रमांकाची, म्हणजे फसलेल्या प्रवेशाची होती. ॲडमिनिस्ट्रेटर, ॲडमिन, युजर, टॅली, अकाउंट्स अशी नावे एकामागून एक, सतत, ठोठावली जात होती. कोणी आत शिरून गेल्यावरही बाकीचे ठोठावणारे आपले काम करीतच होते. शिरणारा कोणत्या नावाने शिरला, ते नोंदवहीत उरले नव्हते. ते सापडले दुसरीकडे. सी ड्राइव्हच्या 'युजर्स' फोल्डरमध्ये 'स्कॅन' नावाचे एक नवे फोल्डर होते आणि त्याच्या निर्मितीची वेळ आधीच्या एका दिवसाच्या पहाटे तीनच्या आसपासची होती. झेरॉक्सच्या यंत्रावरून स्कॅन केलेला कागद थेट संगणकात यावा, म्हणून तंत्रज्ञाने कधीतरी 'स्कॅन' नावाचे खाते उघडले होते. पासवर्डही तोच ठेवला होता आणि अडचण नको म्हणून खात्याला प्रशासकाचे अधिकार दिले होते. त्या खात्याने संगणकासमोर बसून कोणी कधी काम केले नव्हते, त्यामुळे त्याचे स्वतःचे फोल्डर तयार झालेले नव्हते. ते पहिल्यांदा तयार झाले ते त्या पहाटे. मालकांना असे खाते आहे हेच ठाऊक नव्हते, आणि त्यांचा स्वतःचा पासवर्ड चांगला चौदा अक्षरांचा होता.

म्हणून 'आमचा पासवर्ड अवघड आहे' हे उत्तर मी मानत नाही. 'आम्ही रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ हा पोर्ट बदलून दुसरा ठेवला आहे' हेही मानत नाही. २०१३ मध्ये मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी झेडमॅप नावाचे साधन प्रसिद्ध केले. एक गिगाबिटची जोडणी असलेल्या एकाच संगणकावरून, एका पोर्टसाठी, इंटरनेटवरचे जवळजवळ सगळे आयपीव्ही४, म्हणजे जुन्या पद्धतीचे, पत्ते पाऊण तासाच्या आत ठोठावून पाहता येतात, हे त्यांनी दाखवले. तेव्हा रावपुऱ्यातल्या लहानशा पेढीकडे कोण बघणार, हा युक्तिवाद निकालात निघतो. पेढी कोणी निवडलेली नसते, तिचा आकडा रांगेत आलेला असतो. शिवाय मे २०१९ मध्ये उघडकीस आलेल्या ब्लूकीप या दोषात जुन्या विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपमध्ये शिरायला पासवर्ड लागतच नव्हता. त्याचे गांभीर्य असे की, पाठिंबा केव्हाच संपलेल्या एक्सपीसाठीसुद्धा मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती दिली. रिमोट डेस्कटॉप इंटरनेटवर उघडा ठेवू नये. याला मी अपवाद करत नाही.

बंधूंना गोदामातून टॅली हवीच असेल, तर व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरून पेढीच्या नेटवर्कपर्यंत जाणारी कूटबद्ध खासगी वाट, वापरावे. आजच्या घडीला मी वायरगार्ड हा व्हीपीएनचा प्रकार सुचवतो. मार्च २०२० मध्ये तो लिनक्स या संगणक प्रणालीच्या मूळ गाभ्यात समाविष्ट झाला. मायक्रोटिक कंपनीच्या रूटरांतील रूटरओएस ७ या प्रणालीत तो आहे आणि ओपनडब्ल्यूआरटी ही खुली प्रणाली चालणाऱ्या रूटरवरही टाकता येतो. लहान पेढीच्या दृष्टीने त्याचा मोठा गुण हा की, ज्याच्याकडे योग्य किल्ली नाही त्याला तो उत्तरच देत नाही. बाहेरून ठोठावणाऱ्याला तेथे काही आहे की नाही, हेही कळत नाही. पासवर्ड नसतोच, त्यामुळे तो कोणी अंदाजाने ओळखण्याचा प्रश्न येत नाही. प्रत्येक उपकरणाची किल्ली वेगळी असते आणि फोन हरवला तर तेवढीच किल्ली रूटरमधून काढून टाकता येते. आपल्याकडे स्थिर आयपी आहे, म्हणून हे एका दुपारचे काम आहे. वडिलांच्या फोनवर एक कळ दाबून जोडणी चालू करायची आणि मग नेहमीच्या ॲपमध्ये डीव्हीआरचा आतला पत्ता वापरून कॅमेरे पाहायचे, इतकेच त्यांना शिकावे लागेल. माझा एक ग्राहक वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी हे शिकला आणि आता सुनेला शिकवतो.

यात एक बारीक अडचण येते, ती आधीच सांगून ठेवतो, कारण ती सापडायला अननुभवी माणसाचे दोन दिवस जातात. पेढीतले आतले पत्ते १९२.१६८.१ ने सुरू होत असतील आणि घरच्या रूटरचेही तसेच असतील, तर व्हीपीएन जोडलेले दिसते पण काहीच उघडत नाही. फोनला वाटते की तो पत्ता घरातलाच आहे. पेढीची आतली मालिका आधीच बदलून १९२.१६८.३७ अशी काहीतरी अनवट करून घ्यावी. प्रिंटर आणि हजेरीचे यंत्र यांचे पत्ते त्याबरोबर बदलावे लागतील, म्हणून हे काम रविवारी करावे.

दूरून दुरुस्ती करू देणारी एनीडेस्कसारखी ॲपेही दारेच आहेत आणि ती पोर्ट फॉरवर्डिंगच्या यादीत दिसत नाहीत. टॅलीवाल्याने 'पुन्हा पुन्हा तुम्हाला फोन करायला नको' म्हणून कायमचा पासवर्ड घालून ठेवला असेल, तर तो काढावा. समोर बसलेल्या माणसाने परवानगीची कळ दाबल्याशिवाय कोणीही आत येऊ नये, अशी रचना त्यात करता येते.

आता उघडी दारे मोजण्याविषयी. रूटरच्या व्यवस्थापनाच्या पानावर जाऊन 'पोर्ट फॉरवर्डिंग', 'व्हर्च्युअल सर्व्हर' आणि 'डीएमझेड' या तीन ठिकाणी काय लिहिले आहे, त्याचा फोटो काढून ठेवावा. जोडणी देणाऱ्याची एक पेटी आणि आपला स्वतःचा दुसरा रूटर असे दोन असतील, तर दोन्हीकडे पाहावे. यूपीएनपी चालू असेल तर बंद करावे, कारण त्यामुळे आतले कोणतेही उपकरण, विशेषतः डीव्हीआर, आपल्याला न विचारता स्वतःसाठी दार उघडून घेऊ शकते. मग मोबाईलचे वायफाय बंद करून, मोबाईलच्या डेटावरून, आपला स्थिर आयपी पत्ता ब्राउझरमध्ये टाकावा. डीव्हीआरचे किंवा रूटरचे लॉगिन पान समोर आले, तर तेच पान जगातल्या कोणालाही दिसते आहे. मी हे ग्राहकाच्या समोर, त्याच्याच फोनवर करतो. त्यानंतर मला फारसे पटवून द्यावे लागत नाही.

गोदामातली जोडणी घरगुती स्वरूपाची असेल तर तेथे वेगळे चित्र दिसेल. तेथील रूटरला बाहेरून मिळालेला पत्ता १०० ने सुरू होत असेल आणि दुसरा आकडा ६४ ते १२७ च्या दरम्यान असेल, तर ती जोडणी अनेक ग्राहकांमध्ये वाटलेल्या पत्त्यामागे आहे आणि बाहेरून थेट कोणी तेथे पोहोचू शकत नाही. ही सेवा कमी दर्जाची आहे असे समजून लोक स्थिर आयपी घेतात आणि नकळत दार उघडून बसतात. आयपीव्ही६, म्हणजे पत्त्यांची नवी पद्धत, मात्र तेथेही तपासावे. त्यात प्रत्येक संगणकाला स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळतो, पत्ता बदलून देणारा मध्यस्थ नसतो, आणि रूटरमधील आयपीव्ही६ची फायरवॉल कोणी 'गेम नीट चालत नाही' म्हणून बंद केलेली असेल तर आतला प्रिंटरसुद्धा उघड्यावर येतो.

डीव्हीआरकडे लोक कॅमेऱ्याचे यंत्र म्हणून पाहतात. तो कॅमेरे लावलेला एक छोटा संगणक आहे आणि त्याचे सॉफ्टवेअर बसवल्या दिवसानंतर सहसा कोणी अद्ययावत करत नाही. २०१६ मध्ये मिराई नावाच्या घातक प्रोग्रॅमने असे कॅमेरे, डीव्हीआर आणि रूटर लाखांनी ताब्यात घेतले. त्यासाठी त्याच्याकडे कारखान्यातून आलेल्या नाव-पासवर्डांच्या साठेक जोड्यांची यादी होती, दुसरे काही विशेष नव्हते. त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला त्या उपकरणांनी डिन या कंपनीच्या नामसेवेवर (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आयपी पत्ता सांगणाऱ्या सेवेवर) इतका भडिमार केला की अनेक मोठी संकेतस्थळे काही तास उघडेनात. आपल्या दृष्टीने खरी भीती मात्र वेगळी आहे. डीव्हीआर टॅलीच्या संगणकाच्याच नेटवर्कवर असेल, तर त्याच्यात शिरलेला माणूस आपल्या पेढीच्या आतच उभा असतो.

म्हणून डीव्हीआर, हजेरीचे बोटांच्या ठशांचे यंत्र आणि असलाच तर स्मार्ट टीव्ही यांना वेगळ्या नेटवर्कवर टाकावे. व्यवस्थित रीत म्हणजे व्हीलॅन. एकाच स्विचचे (संगणकांच्या तारा एकत्र जोडणाऱ्या पेटीचे) आतून दोन-तीन वेगळे स्विच केल्यासारखे करायचे आणि एकाकडून दुसऱ्याकडे जाणारी वाट रूटरमध्ये नियम लिहून अडवायची. त्यासाठी व्यवस्थापन करता येणारा स्विच लागतो. आठ पोर्टचा (येथे पोर्ट म्हणजे तार जोडण्याची खाच) साधा प्रकारही पुरेल आणि फायरवॉलच्या मानाने तो नगण्य किमतीत येतो. नियम इतकाच लिहावा की, टॅलीच्या बाजूने डीव्हीआरकडे जाता येईल, पण डीव्हीआरकडून टॅलीकडे काहीही जाणार नाही. बसवल्यावर तो खरोखर चालतो का, हे पाहावे. कॅमेऱ्याच्या बाजूच्या पोर्टात लॅपटॉप जोडून टॅलीच्या संगणकाचे शेअर केलेले फोल्डर उघडून बघावे. ते उघडले नाही, तर काम झाले. व्हीलॅन केले आहे असे सांगून दोन्ही बाजूंना मोकळी वाट सोडलेली मी इतक्यांदा पाहिली आहे की, आता ही चाचणी केल्याशिवाय मी बिल लावत नाही.

वायफायविषयी थोडक्यात. डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्डऐवजी पिनने वायफायला जोडण्याची सोय, बंद करावे. त्यातील आठ आकडी पिनचा शेवटचा आकडा पडताळणीचा असतो आणि रूटर पिन दोन तुकड्यांत तपासतो. त्यामुळे कोट्यवधी शक्यता उरत नाहीत. पहिल्या तुकड्याच्या १०,००० आणि दुसऱ्याच्या १,००० मिळून ११,००० प्रयत्नच पुरतात. हे डिसेंबर २०११ मध्येच जाहीर झाले आहे, तरी जुन्या रूटरांत ते अजून चालू सापडते. पाहुण्यांसाठी, प्रवासी विक्रेत्यांसाठी आणि नोकरांच्या फोनसाठी वेगळे अतिथी वायफाय ठेवावे. पेढीचा मुख्य पासवर्ड भिंतीवर लिहू नये आणि कोणी नोकरी सोडून गेला की त्याच दिवशी बदलावा. टॅलीचे संगणक शक्य तेथे तारेनेच जोडावेत. तार असली की तक्रारीही निम्म्या होतात.

रूटरचा स्वतःचा पासवर्ड कारखान्यातला असेल तर बदलावा, त्याचे व्यवस्थापनाचे पान बाहेरून उघडेल अशी सोय बंद करावी, आणि उत्पादकाने त्या रूटरला अद्यतने देणे थांबवले असेल तर तो बदलून टाकावा. नामसेवेसाठी ९.९.९.९ हा क्वाड९ या मोफत नामसेवेचा पत्ता घालावा. ज्ञात घातक संकेतस्थळांची नावे तो उलगडूनच देत नाही. या कामाला काही खर्च नाही, आणि फसवा दुवा दाबला गेलाच तर अनेकदा येथेच अडते.

आता आतल्या संगणकांकडे वळतो. विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० ला संपला आणि विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ ला. नऊपैकी किती संगणक यांपैकी आहेत, ते मोजावे. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा प्रोग्रॅम जगभर पसरला, तेव्हा त्याने वापरलेल्या दोषाची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच, म्हणजे दोन महिने आधी, दिलेली होती. ज्यांनी अद्यतने बंद करून ठेवली होती, त्यांना फटका बसला. आणि चोरीचे विंडोज किंवा फुकटात 'चालू करून दिलेली' टॅली वापरत असाल, तर एक गोष्ट स्पष्ट सांगतो. अशी साधने चालवताना अँटिव्हायरस बंद करायला सांगतात. त्यानंतर आत काय आले हे कोणालाच सांगता येत नाही, आणि त्यावर फायरवॉल बसवणे म्हणजे चोराला घरात घेऊन दाराला कडी लावणे आहे.

टॅलीचे डेटा फोल्डर 'एव्हरीवन' या गटाला, म्हणजे सगळ्यांनाच, पूर्ण अधिकारांसह शेअर केलेले असण्याची दाट शक्यता आहे, कारण ते पटकन चालते. तेथे फक्त हिशेबनीसांची नावे ठेवावीत. नोकरांनी रोजचे काम प्रशासकाच्या खात्यावरून करू नये. आणि प्रत्येक संगणकावरच्या खात्यांची यादी एकदा डोळ्याखालून घालावी. 'स्कॅन' सापडेल.

इतके सगळे केले तरी एक वाट उरते. हिशेबनिसाला टॅलीच्या फोल्डरमध्ये लिहिण्याचा अधिकार द्यावाच लागतो, म्हणून त्याच्या संगणकात काही शिरले तर ते त्याच अधिकाराने सगळा डेटा कूटबद्ध करू शकते. याला उपाय बॅकअपचाच आहे, आणि माझ्या हिशेबी आपल्या पैशांतला मोठा भाग येथे जायला हवा. बॅकअप टॅलीच्या संगणकाने ढकलू नये. बॅकअपच्या यंत्राने तो खेचून घ्यावा. एक लहानसे नॅस (नेटवर्कला जोडलेली साठवणुकीची पेटी) किंवा जुना संगणक घ्यावा, त्याच्यावर पेढीतल्या कोणाचेही खाते नसावे, आणि त्याने रात्री येऊन टॅलीच्या फोल्डरची प्रत घेऊन जावी. कालची प्रत आजच्या प्रतीने पुसली जाऊ नये. निदान तीस दिवसांच्या वेगळ्या प्रती राहाव्यात, कारण नासधूस कधीकधी आठवड्याने लक्षात येते. जीएसटीच्या कायद्यानुसार हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात, हेही ध्यानात ठेवावे.

याशिवाय दोन बाह्य हार्ड डिस्क घ्याव्यात. एक सोमवारी जोडून, प्रत घेऊन, काढून ठेवावी. दुसरी गुरुवारी. काढून ठेवलेल्या डिस्कपर्यंत कोणताही प्रोग्रॅम पोहोचत नाही. आणि दोन्हींपैकी एक नेहमी पेढीबाहेर, वरच्या मजल्यावर असावी. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचे पाणी शहरात शिरले तेव्हा तळमजल्यावरच्या पेढ्यांतून आम्ही संगणक आणि त्यांच्याच शेजारी कपाटात ठेवलेल्या बॅकअपच्या डिस्क एकत्रच चिखलातून काढल्या. त्या आठवड्यात माझ्याकडे आलेल्यांपैकी हॅकरने कोणाचेही नुकसान केले नव्हते. प्रत परत उभी करून पाहणे हाही बॅकअपचाच भाग आहे. महिन्यातून एकदा दुसऱ्या संगणकावर प्रत उतरवून, टॅलीत कंपनी उघडून, आदल्या दिवशीचे शेवटचे व्हाउचर दिसते का, ते बघावे. चोपडापूजनाच्या सकाळी हे करण्याची प्रथा माझ्या दोन ग्राहकांनी पाडली आहे. वर्षातून एकदा पुरेसे नाही, पण एरवी तेही होत नाही.

नेटवर्कच्या बाहेरचा, पण आपल्या व्यवसायाला लागू असलेला एक धोका सांगून ठेवतो. पुरवठादाराच्या नावाने ईमेल येतो की आमचे बँक खाते बदलले आहे, यापुढील रक्कम या नव्या खात्यात भरावी. मागचा सगळा पत्रव्यवहार खाली खरा असतो, कारण दोघांपैकी एकाची मेलपेटी कोणीतरी उघडलेली असते. अशा ईमेलपुढे कोणताही फायरवॉल काही करू शकत नाही. ईमेलला दोन टप्प्यांची ओळख चालू करावी आणि खाते बदलल्याचे पत्र आले की आपल्या वहीतल्या जुन्या क्रमांकावर फोन करून विचारावे. ईमेलमध्ये दिलेल्या क्रमांकावर करू नये.

तरीही कधी आपल्या पडद्यावर खंडणीची चिठ्ठी दिसलीच, तर प्रथम स्विचच्या तारा काढाव्यात आणि वायफाय बंद करावे. मगच विचार करावा. बॅकअपची डिस्क घाईने जोडू नये. संगणक लगेच फॉरमॅट करू नये, कारण काही प्रकारांवरची मोफत उलगडणी 'नो मोअर रॅन्सम' या उपक्रमावर मिळते. तो युरोपोल आणि डच पोलिसांनी काही सुरक्षा कंपन्यांसह २०१६ मध्ये सुरू केला. आज नसली तरी पुढे मिळू शकते, म्हणून कूटबद्ध डिस्क बाजूला काढून ठेवावी. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर गुन्ह्यांच्या मदत क्रमांकावर तत्काळ फोन करावा. तेथे मिनिटांना किंमत आहे, कारण रक्कम पुढच्या खात्यातून काढली जाण्याआधी थोपवता येते. सर्ट-इन या संगणक सुरक्षेच्या केंद्रीय संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांच्या आत कळवायची असते आणि नोंदी १८० दिवस जपायच्या असतात. असे ठोठावणे चालू असेल तर विंडोजची २० एमबीची नोंदवही एका दिवसात पुसली जाते हे वर आलेच आहे. तिचा आकार वाढवून घ्यावा आणि रूटरच्या नोंदी बॅकअपच्या यंत्राकडे पाठवाव्यात.

मग फायरवॉल कधी घ्यावा? पेढी आणि गोदाम कायमचे जोडायचे असतील, पंचवीस-तीस संगणक झाले असतील, किंवा मोठ्या कारखान्याला माल देताना ते लेखी अट घालत असतील, तेव्हा तो घेण्यात अर्थ आहे. तेव्हाही हे लक्षात असू द्यावे की, आज बहुतेक संकेतस्थळांशी होणारी देवघेव कूटबद्ध असते, आणि फायरवॉलला तिच्या आत पाहायचे असेल तर प्रत्येक संगणकावर त्याचे प्रमाणपत्र बसवावे लागते. ते न करता यंत्र बसवून गेलेले विक्रेते मला ठाऊक आहेत. तसेच परवाना संपला की नव्या धोक्यांची ओळख त्याला मिळत नाही, म्हणजे खर्च ७५,००० वर थांबत नाही.

कोटेशनवर सही करण्याआधी विक्रेत्याला एकच प्रश्न लेखी विचारावा : बंधूंना गोदामातून टॅली आणि वडिलांना घरून कॅमेरे दिसावेत, यासाठी आपण फायरवॉलमध्ये कोणते नियम लिहिणार आहात? त्याने व्हीपीएनचे आणि वेगळ्या नेटवर्कचे नाव काढले, तर पुढच्या वर्षी त्याचा विचार करता येईल. 'बाहेरचा पोर्ट बदलून ३३८९ कडे पाठवू' असे तो म्हणाला, तर त्याला चहा पाजून निरोप द्यावा.